पैसा कुणाचा, खेळ कुणाचा

एखादे चांगले काम वाईट पैशावर उभे असेल, तर त्याचा चांगुलपणा किती उरतो? आणि त्या पैशातला दोष दहा वर्षांनी उघडा पडला, तर मधल्या दहा वर्षांत झालेल्या चांगल्याचे काय करायचे? आपल्याकडे हा प्रश्न दानाच्या प्रसंगी निघतो आणि बहुतेक वेळा पंगत बसायच्या आतच मिटवला जातो. कुणीतरी म्हणतं, “जाऊ द्या हो, पैशाला काय रंग असतो?” पैशाला रंग नसतो हे खरे. पण त्या पैशाचा कपडा होऊन एखाद्या मुलीच्या अंगावर चढला, की त्यावर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते. मग तो रंग तिला वागवावा लागतो.

मैत्रिणींनो, आपल्याला हा प्रश्न परका नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यभर दुसऱ्याने कमावलेल्या पैशावर घर चालवले. तो पैसा कसा आला हे विचारायची रीत नव्हती. श्रावकाच्या अंगी कोणते गुण असावेत हे सांगताना आपल्या आचार्यांनी पहिल्याच गुणात न्यायाने मिळवलेले धन सांगितले. पूजापाठ, व्रतउपवास त्यामागून येतात. पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईने दुकानाच्या वहीबद्दल विचारले, तर तिला काय उत्तर मिळे ते आपण जाणतो. “तुला काय करायचंय? तू खर्च बघ.” न विचारण्याची सवय अशी आपल्याला लावली गेली, आणि पुढे ती सवय आपला सद्गुण म्हणून मोजली गेली.

आता मुली कमावत्या झाल्या. काही मुली तर खेळून कमावतात, आणि मला सध्या त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

ग्वाल्हेर हे हॉकीचे गाव. ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह इथे शिंदे सरकारच्या फौजेत नोकरीला होते. त्यांच्या नावाचे मैदान पुढे क्रिकेटचे झाले, तरी नाव त्यांचेच राहिले. २००६ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरला महिला हॉकी अकादमी सुरू केली. आमच्या हरिशंकरपुरममधून लश्करकडे जाताना कधी पाठीवर स्टिकांच्या पिशव्या अडकवलेल्या मुली दिसतात. दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या, पंधरासोळा वर्षांच्या. त्यांचे राहणे, खाणे, बूट, प्रशिक्षक सगळे सरकारी खर्चाने. पुढे त्यांतल्या गुणवान मुलींना रेल्वेत, पोलिसात नोकरी लागते. म्हणजे खेळाडू मुलगी आपल्याकडेही कुणाची ना कुणाची नोकर असते. ती नुसती खेळत नाही, कुणाच्या तरी नावाने खेळते.

जपानमध्ये हीच गोष्ट कंपन्यांनी केली. तिथे १९८९ मध्ये बायकांची फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्यातले कितीतरी संघ कंपन्यांनी चालवलेले होते. खेळाडू सकाळी कचेरीत फायली बघायच्या आणि संध्याकाळी सराव करायच्या. त्यांतला एक संघ मला फार विचार करायला लावतो. त्याचे नाव टेप्को मरीझे. टेप्को म्हणजे टोकियोला वीज पुरवणारी कंपनी. मरीझे हे नाव समुद्र आणि वाऱ्याची झुळूक या अर्थाच्या शब्दांपासून जोडलेले. संघाचे गाव फुकुशिमा. त्यांच्या सरावासाठी होते जे-व्हिलेज, म्हणजे हिरवळीच्या अनेक मैदानांचे मोठे क्रीडाकेंद्र. तेही याच कंपनीने बांधून त्या प्रांताला दिलेले, १९९७ साली सुरू झालेले. तिथून साधारण वीस किलोमीटरवर कंपनीची फुकुशिमा दाईची ही अणुवीज भट्टी. संघातल्या मुली खेळाच्या जोडीला त्या वीजकेंद्रात नोकरी करत.

११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंप झाला, मागून समुद्र आत आला. मेलेले आणि बेपत्ता मिळून जवळजवळ वीस हजार माणसे गेली. वीजकेंद्रातल्या तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. दीड लाखाहून अधिक माणसांना घरदार सोडून जावे लागले. जे-व्हिलेजच्या हिरवळीवर खडी पसरली, तिथे गाड्या उभ्या राहिल्या, आणि भट्टी आवरायला जाणाऱ्या कामगारांचा तळ पडला. संघाचे सामने थांबले आणि त्याच वर्षी कंपनीने संघ सोडून दिला.

त्याच उन्हाळ्यात जर्मनीत बायकांचा विश्वचषक होता. जपानचा संघ गेला. उपान्त्यपूर्व फेरीत समोर यजमान जर्मनी. सामन्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी मुलींना आपल्या उद्ध्वस्त गावांची छायाचित्रे दाखवली. जादा वेळेत, १०८ व्या मिनिटाला, कारीना मारुयामा हिने एकमेव गोल केला. ही मारुयामा पूर्वी मरीझे संघाकडून खेळलेली आणि त्याच वीजकेंद्रात नोकरी केलेली. बचावफळीत आया सामेशिमा होती. तीही मरीझेची आणि त्याच केंद्रातली. तिचा क्लब तिच्या पायाखालून गेला होता आणि ती अमेरिकेतल्या बोस्टनच्या क्लबात गेली होती. १७ जुलैला अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला पेनल्टींवर हरवले आणि बायकांचा विश्वचषक पहिल्यांदा आशियात आला.

ही गोष्ट इथे संपवली तर ऐकायला गोड आहे. संकट आले, मुली लढल्या, जिंकल्या. पण मला गोड शेवटापेक्षा त्याच्या आधीची गाठ सोडवायची आहे. ज्या कंपनीच्या पगारावर या मुलींचे पाय तयार झाले, त्याच कंपनीच्या भट्टीने दीड लाख माणसांची घरे नेली. २०१२ मध्ये जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने स्पष्ट सांगितले की ही दुर्घटना माणसाने घडवलेली आहे. मग त्या मुलींच्या छातीवर जे नाव होते, त्याचे ओझे त्यांनी किती वाहायचे?

आपल्याकडे कर्माचा हिशोब तीन प्रकारांनी करतात. स्वतः केले, दुसऱ्याकडून करवले, आणि दुसऱ्याने केले त्याला अनुमोदन दिले. लहानपणी हे पाठ करताना तिसरा प्रकार अगदीच किरकोळ वाटायचा. नुसते ‘बरे झाले’ म्हटले, त्यात काय एवढे? वय वाढले तशी समज आली की जगातले बहुतेक मोठे दोष या तिसऱ्याच प्रकारावर तगून राहतात. करणारे थोडे असतात. करवणारे त्याहून थोडे. मान डोलावणारे हजारो.

त्या मुलींनी भट्टीचा धोका निर्माण केला नाही. करवलाही नाही. समुद्राकडची भिंत किती उंच हवी हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना कोण बोलावणार होते? राहिले अनुमोदन. कंपनीचे नाव छातीवर घालून मैदानात उतरणे हे अनुमोदनच नाही का? प्रेक्षकांत बसलेली आई मुलीचा खेळ बघते, टाळ्या वाजवते, आणि नकळत त्या नावाविषयी तिच्या मनात आपुलकी जमते. कंपन्या खेळावर पैसा घालतात त्यात हाही हेतू असतोच. भट्टीची भीती कमी व्हावी म्हणून हिरवळ किती कामाला आली असेल, सांगता येत नाही. पण हिरवळ होती, आणि तिच्यावर मुली धावत होत्या.

तरी मी त्यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडते.

पहिली, अनुमोदन जाणून द्यावे लागते. जे ठाऊकच नाही, त्याला मान कशी डोलवणार? ज्याने धोका मोजला आणि कागद मिटून ठेवला त्याचा दोष वेगळा. त्या कागदाच्या शेजारच्या टेबलावर बसून जिने हजेरीपत्रक भरले, तिचा वेगळा. दोघांना एका मापात घालणे हा न्याय नव्हे.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. फुकुशिमातली ही वीज फुकुशिमाच्या घरांत जळत नव्हती. ती टोकियोच्या बाजूला जायची. तिथल्या लाखो घरांत त्या विजेवर भात शिजत होता, आगगाड्या धावत होत्या, दुकानांच्या पाट्या रात्रभर लखलखत होत्या. अनुमोदनाचे माप लावायचे तर ते त्या प्रत्येक बटणाला लावायला हवे. पण बटणावर नाव छापलेले नसते. नाव असते मुलीच्या सदऱ्यावर. म्हणून लोकांना ती दिसते आणि बटण दाबणारा हात दिसत नाही. दोष वाटताना समाज नेहमी असेच करतो. ज्याच्या अंगावर खूण आहे त्याला धरतो. बायकांच्या अंगावर खुणा जास्त असतात, हे तुम्हांला मी काय सांगायचे!

आता कंपनीने संघ सोडला त्याकडे बघू. काही म्हणतील, योग्यच केले. ज्यांची घरे गेली त्यांची भरपाई द्यायची असताना खेळावर पैसा घालवायचा म्हणजे उपाशी माणसासमोर वरात काढण्यासारखे. मला हे पटते. ज्याचे नुकसान केले त्याचे देणे आधी, हौस नंतर. आपल्या घरातही कर्ज डोक्यावर असताना मोठी प्रभावना वाटली तर शहाणी सासू टोकतेच.

पण त्याला प्रायश्चित्त म्हणायला मी तयार नाही. प्रायश्चित्त ज्याने दोष केला त्याने स्वतःच्या अंगावर घ्यायचे असते. उपवास सासऱ्याने धरायचा आणि पोट सुनेचे रिकामे राहायचे, याला उपवास म्हणत नाहीत. संघ बंद झाला तेव्हा किंमत कुणी दिली? ज्या मुलींचा निर्णयात काडीचाही भाग नव्हता त्यांनी. आणि कंपनीच्या तिघा माजी वरिष्ठांवर खटला चालला, त्यांना २०१९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. न्यायालयाने कायद्याप्रमाणे जे केले ते केले. मी फक्त दोन ओळी शेजारी शेजारी लिहून बघते. एकीत मोठी माणसे सुटली. दुसरीत मुलींचे मैदान गेले.

सुदैवाने तिथे तिसरी वाट निघाली. शेजारच्या सेन्दाई शहराच्या व्हेगाल्टा क्लबाने २०१२ मध्ये बायकांचा संघ काढला आणि मरीझेच्या मुलींना त्यात जागा मिळाली. खालच्या श्रेणीतून सुरुवात करून तो संघ वर आला. २०२१ मध्ये जपानात बायकांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या अकरा संघांत सेन्दाईचा तो संघ नव्या नावाने होता. कंपनीचे नाव गळून पडले, खेळ उरला. मला वाटते, या सगळ्या प्रकरणात सर्वांत धर्माचे काम कुणी केले असेल तर या सेन्दाईकरांनी. त्यांचे शहर भूकंपाने स्वतः हादरलेले होते. तरी त्यांनी त्या मुलींना ‘तुम्ही कुणाच्या पगारावर वाढलात’ असे हिणवले नाही.

मध्य प्रदेशातल्या माणसाला हे वाचून भोपाळ आठवणारच. २ डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवली की आमच्या पिढीच्या बायका अजून क्षणभर गप्प होतात. तिथेही एक कंपनी होती, आणि त्या कंपनीत नोकरी लागली की घरात पेढे वाटले जात. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने युनियन कार्बाइडचे इथल्या कंपनीतले जप्त समभाग विकले गेले आणि त्या पैशातून वायुपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. म्हणजे पैसा त्याच हातचा. तरी त्या दवाखान्यात औषध घेणाऱ्या बाईला कुणी म्हणणार नाही की तू वाईट पैशाचे औषध घेतेस. का नाही म्हणणार? कारण तो पैसा ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे गेला, आणि देणाऱ्याच्या नावाची आरती करायला गेला नाही. दान म्हणून तो आलाच नाही, देणे म्हणून वसूल झाला.

म्हणून पैसा शुद्ध की अशुद्ध असे कोरडे विचारण्यापेक्षा, तो कुणाकडे चालला आहे, आणि जाताना कुणाचे नाव धुऊन निघते आहे, हे विचारलेले बरे.

आता घरचीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने वस्तीतल्या शाळकरी मुलींच्या एका संघाला बूट आणि कपडे द्यायचे ठरवले. वर्गणी जमेना. एका व्यापाऱ्याने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. त्याचा धंदा गुटख्याचा. अट एवढीच की सदऱ्यावर मालाचे नाव छापायचे. मंडळाच्या सभेत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, आपल्या शास्त्रात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, असल्या धंद्याच्या पैशाला हात कसा लावायचा? काहीजणी म्हणाल्या, मुलींना बूट हवेत, शास्त्र नको. सगळ्यांत वयस्क असलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, “अगं, तुम्ही सगळ्या बूट घालून बसल्या आहात. जी अनवाणी पळते तिला विचारलंत का?”

कुणी विचारले नव्हते. मग विचारले. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. एक जण म्हणाली, “आंटी, मेरे पापा वही खाते हैं. उनका ऑपरेशन हुआ है.” बाकी कुणी काही बोलले नाही.

आम्ही व्यापाऱ्याला निरोप दिला की नाव छापायचे नसेल तर मदत घेऊ. त्याने मदत मागे घेतली. त्याचेही बरोबर होते, त्याच्या लेखी तो खर्च जाहिरातीचा होता. त्या वर्षी आमच्याच्याने पाचच जोड बूट झाले. मुली होत्या अकरा. त्या बूट आलटून पालटून घालत. पाय मोठा असलेल्या एका मुलीला कुठलाच जोड होईना. तिने खेळणे सोडले.

नाव नाकारले ते मला आजही योग्य वाटते. पण त्या मुलीला मी या हिशोबातून वगळू शकत नाही. नकार आमचा होता आणि मैदान तिचे गेले. टेप्को कंपनीशी आमची बरोबरी नाही, पण किंमत फिरून तिथेच गेली, सर्वांत खालच्या पायरीवर. पुढच्या वर्षापासून मंडळाने एक नियम केला. दुसऱ्याच्या वतीने एखादा पैसा नाकारायचा असेल, तर नाकारणाऱ्यांनी तेवढी रक्कम आधी बाजूला काढायची, मग हात वर करायचा. नियम केल्यापासून सभेत शास्त्र जरा कमी बोलले जाते आणि पर्समधून नोटा जास्त निघतात. शुद्धतेचा खर्च आपण करायचा असतो. तो दुसऱ्याच्या पायातल्या बुटांतून वसूल केला, तर ती शुद्धता कसली?

कुणी म्हणेल, मग सरकारी पैसा बरा. अकादमीतल्या मुलींना हा त्रास नाही. पण सरकारच्या तिजोरीत दारूवरचा करही जमा होतोच. गाळून गाळून घेतलेले पाणीसुद्धा पूर्ण निर्जीव होत नाही, म्हणून आपण ते गाळणे सोडत नाही आणि पिणेही सोडत नाही. सरकारी पैशात एक सोय मात्र आहे. तो कुणाची कृपा नाही. त्याचा हिशोब मागायचा हक्क त्या मुलींना आहे, त्यांच्या आयांना आहे, तुम्हांला मला आहे. कंपनीच्या मैदानावर हा हक्क नसतो. बिर्लानगरची जे. सी. मिल १९९०च्या दशकात बंद पडली तेव्हा ज्यांची घरे तिच्या भोंग्यावर उठत आणि निजत होती, त्यांना विचारून कुणी भोंगा बंद केला नव्हता. देणारा एकटाच असला की त्याचे ‘हो’ही त्याचेच आणि ‘नाही’ही त्याचेच.

तेव्हा खेळणाऱ्या मुलींना आपण काय शिकवायचे? “देणाऱ्याचे उपकार विसरू नकोस” हे तर त्यांना सगळेच शिकवतात. त्याच्या जोडीला आपण त्यांना विचारायलाही शिकवू. हे पैसे कुठून येतात? माझ्या अंगावर हे नाव का हवे? हे उद्या थांबले तर माझे काय? उत्तर दरवेळी मिळेल असे नाही. मिळालेले दरवेळी आवडेल असेही नाही. तरी विचारणारी मुलगी आणि मान डोलावणारी मुलगी यांत फरक पडतो. माझ्या समजुतीप्रमाणे अनुमोदनाचे कर्म जाणिवेला चिकटते. जिने विचारले, तिने निदान आपली मान आपल्या ताब्यात ठेवली.

जपानी राष्ट्रीय संघाला नादेशिको म्हणतात. ते एका गुलाबी फुलाचे नाव. जुन्या काळी शालीन, सोशिक, घर सांभाळणाऱ्या आदर्श स्त्रीला तिथे हे नाव देत. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी ते नाव घेतले आणि त्याचा अर्थच बदलून टाकला. आपल्याकडेही ‘सोशिक’ हा शब्द बायकांना फार काळ शोभून दिसला. आता आपल्या मुली त्याला दुसरा अर्थ देऊ लागल्या आहेत. त्या ऊन सोसतात, पडणे सोसतात, हार सोसतात. फक्त न विचारता गप्प बसणे तेवढे त्यांनी सोसू नये. आणि त्यांनी विचारले, तर “तुला काय करायचंय?” हे उत्तर निदान आपल्या तोंडून त्यांना मिळू नये.